मालगाडीचा गार्ड किंवा टीसी व्हायचंय? फॉर्मच्या आधीपासून पहिल्या ड्युटीपर्यंत, क्रमानं

रेल्वेच्या एनटीपीसीची (नॉन-टेक्निकल पॉप्युलर कॅटेगरीज, म्हणजे तांत्रिक नसलेल्या पदांची भरती) जाहिरात निघाली की आपल्याकडे कारंजा असो की कोरपना, सेतूवर रांग लागते. केंद्रवाला विचारतो "कोणती पोस्ट टाकू भाऊ", पोट्टा म्हणतो "सगळ्या टाकून द्या ना, लागली ते लागली". गडबड तिथूनच सुरू होते. मग वर्ष-दीड वर्ष अभ्यास करायचा, दोन्ही पेपर काढायचे, आणि मेडिकलला डोळ्यांत बाद होऊन घरी यायचं, नाहीतर कागद तपासणीत जातीच्या दाखल्याच्या नमुन्यावर अडकायचं. असे पोरं-पोरी दर भरतीत दिसतात आणि मनाला लागतं, कारण त्यातले बहुतेक हुशार असतात. जे काम पहिल्या आठवड्यात व्हायला पाहिजे होतं ते त्यांनी शेवटावर ठेवलेलं असते, एवढंच. म्हणून खाली जो क्रम दिला आहे तोच धरा, मधलं काही गाळू नका.

1. आधी पोस्ट नीट ओळखा

"टीटीई भरती" या नावाची थेट जाहिरात शोधत बसू नका. डब्यात तिकीट तपासणारा टीसी, टीटीई, कंडक्टर हे कमर्शियल खात्याचं काम आहे आणि तिथं जायचे आज बाहेरून दोन दरवाजे आहेत. बारावीवर कमर्शियल कम तिकीट क्लर्क, आणि पदवीवर चीफ कमर्शियल कम तिकीट सुपरवायझर. दोन्ही आरआरबीच्या, म्हणजे रेल्वे भरती बोर्डाच्या, एनटीपीसीतून भरतात. लागल्यावर तुम्हाला बुकिंग खिडकीवर बसवतील, पार्सलला टाकतील, रिझर्व्हेशनला की तिकीट चेकिंगला, ते प्रशासन ठरवते. आपण "मले टीसीच पायजे" म्हणून फॉर्ममधे लिहू शकत नाही.

दुसरं काम गाडीच्या शेवटच्या डब्यातलं. ज्याला आपण सगळे गार्ड म्हणतो त्याचं नाव रेल्वेनं जानेवारी 2022 मधे ट्रेन मॅनेजर केलं. थेट भरती गुड्स ट्रेन मॅनेजरची, म्हणजे मालगाडीवरची, आणि तिथून पुढं प्रमोशननं पॅसेंजर आणि मग मेल-एक्सप्रेस. हे खातं ऑपरेटिंगचं, पदवी लागते, कोणतीही चालते, मुक्त विद्यापीठाची पण.

पगाराचा फरक माहीत असू द्या. सातव्या वेतन आयोगात सुरुवातीचं मूळ वेतन तिकीट क्लर्कचं 21,700, गुड्स ट्रेन मॅनेजरचं 29,200, तिकीट सुपरवायझरचं 35,400. गार्ड रनिंग स्टाफमधे, म्हणजे गाडीसोबत धावणाऱ्या कर्मचाऱ्यांत, येतो म्हणून त्याला किलोमीटरवर भत्ता मिळतो, त्यामुळं हातात येणारी रक्कम मूळ पगारावरून मोजू नका. जागा किती असतात याचा अंदाज घ्यायचा तर 2024 च्या पदवीधर जाहिरातीत 8,113 पैकी 3,144 जागा एकट्या गुड्स ट्रेन मॅनेजरच्या होत्या आणि 1,736 तिकीट सुपरवायझरच्या. गार्डच्या जागा जास्त, पण डोळ्यांची अट कडक. तिथंच सगळा खेळ आहे.

2. फॉर्मच्या आधी डोळे तपासा

हा टप्पा नव्वद टक्के पोरं टाळतात असं माझं मत आहे, आणि यापेक्षा महाग पडणारी चूक या पूर्ण रस्त्यात दुसरी नाही.

रेल्वे प्रत्येक पोस्टला एक वैद्यकीय दर्जा लावते. गुड्स ट्रेन मॅनेजर आणि स्टेशन मास्तर ए-2 मधे. तिकीट क्लर्क आणि तिकीट सुपरवायझर बी-2 मधे. ए-2 म्हणजे लांबची नजर दोन्ही डोळ्यांना 6/9, तेही चष्मा न लावता, आणि जवळची नजरही चष्म्याविना. त्यावर रंग ओळखणं, दोन्ही डोळे मिळून बघणं, रात्रीचं दिसणं, अंधुक उजेडातलं दिसणं याच्या वेगळ्या टेस्ट. बी-2 मधे एका डोळ्याला 6/9 आणि दुसऱ्याला 6/12, चष्म्यासह चालते, फक्त नंबर 4 च्या वर नको.

म्हणजे सरळ हिशोब. चष्मा आहे? गार्ड आणि स्टेशन मास्तर विसरा, तिकीटची लाईन धरा. लेसर करून चष्मा घालवला? ए-2 ला तेही चालत नाही, आणि "डॉक्टरले काय समजते" म्हणणाऱ्या मित्राचं ऐकू नका, समजते.

काय करायचं तर जिल्हा सामान्य रुग्णालयात किंवा जवळच्या कोणत्याही नेत्रतज्ज्ञाकडे जायचं आणि स्पष्ट सांगायचं: दोन्ही डोळ्यांची नजर वेगवेगळी, चष्म्याविना, आणि रंगांची इशिहारा टेस्ट करून द्या. इशिहारा म्हणजे रंगीत ठिपक्यांचं पुस्तक, ठिपक्यांत लपलेला आकडा वाचायचा असतो. लाल-हिरव्यात थोडा गोंधळ असलेला माणूस जन्मभर वावरात काम करतो आणि त्याला पत्ता नसतो, कारण रोजच्या जगण्यात अडतच नाही. सिग्नलवर मात्र अडते.

सावधान: ज्या पोस्टसाठी निवड झाली त्या मेडिकलमधे नापास झालात तर दुसरी पोस्ट देत नाहीत. "गार्डमधे बाद झालो तर क्लर्कमधे टाकतील" हा गैरसमज गावोगावी आहे. जाहिरातीत चक्क लिहिलेलं असते की पर्यायी नेमणूक मिळणार नाही.

3. कागदपत्रं, केंद्राच्या नमुन्यात

आपल्या पोरांना पोलीस भरती आणि तलाठी भरतीची सवय, म्हणून राज्याचे दाखले घेऊन बसतात. रेल्वे केंद्राची आहे. फरक कुठं पडतो ते बघा.

राज्यात एनटी, व्हीजे, एसबीसी, एसईबीसी असे गट आहेत, केंद्रात ते नाहीत. तिथं फक्त एससी, एसटी, ओबीसी आणि ईडब्ल्यूएस. त्यामुळं एनटी किंवा व्हीजे वाल्यांनी आपल्या जातीचं नाव केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते आधी बघायचं, असेल तर केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला काढायचा. कुणबी, तेली, माळी, पवार यांनीही राज्याचा दाखला आहे म्हणून निवांत बसू नये. नमुना जाहिरातीच्या शेवटी परिशिष्टात छापलेला असतो, त्याची प्रिंट काढून तहसीलला घेऊन जा आणि "हाच पायजे" म्हणून सांगा.

नॉन-क्रिमिलेअरची तारीख बघा. राज्याचं कधी कधी तीन वर्षांसाठी मिळते आणि आपण तेच पुढं ढकलत राहतो. रेल्वेच्या जाहिरातीत किती जुनं चालते ते लिहिलेलं असते, त्या मुदतीतलंच घ्या.

ईडब्ल्यूएसवाल्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. केंद्राच्या नियमात कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत तर पाहिजेच, पण शेती 5 एकर किंवा जास्त असली की उत्पन्न कितीही कमी असो, बाद. आपल्याकडे सहा-सात एकर कोरडवाहू असणारे कास्तकार कर्जात असतात तरी ते या नियमात बसत नाहीत. मला हा नियम कोरडवाहू भागावर अन्याय करणारा वाटतो, पण आज तोच आहे आणि सातबाऱ्यावर सगळं दिसते, तेव्हा खोटं लिहू नका.

आता नाव. दहावीच्या मार्कशीटवर आपल्याकडे आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. आधारवर उलटं. एखाद्याच्या आधारवर नुसतंच "गजानन" आणि आडनाव. मुलींचं लग्नानंतर आधार बदललेलं. हे सगळं फॉर्मच्या आधी सरळ करा, आधार दहावीच्या मार्कशीटप्रमाणे करून घ्या, नाव आणि जन्मतारीख दोन्ही. आधार दुरुस्तीला वेळ लागतो, तालुक्याच्या केंद्रावर मशीन बंद, लिंक डाऊन, ऑपरेटर नाही, हे चालूच राहते.

इथं थांबून तपासा:
- दहावीची मार्कशीट आणि आधार, अक्षर न् अक्षर जुळते का
- जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात आहे का, त्यावर सही-शिक्का-तारीख आहे का
- पदवीचा निकाल जाहिरातीच्या शेवटच्या तारखेआधी लागला का. विद्यापीठ नागपूर असो, अमरावती असो की गोंडवाना, शेवटच्या वर्षाला "अपिअर" असणारा चालत नाही
- वय. 2024 च्या जाहिरातीत पदवीधरांना 18 ते 36 होतं कारण कोरोनाची 3 वर्षांची सूट होती, 2025 च्या जाहिरातीत ते 18 ते 33 झालं. ओबीसीला त्यावर 3 वर्षं, एससी-एसटीला 5

4. फॉर्म भरणं

फॉर्म स्वतःच्या मोबाईल नंबरवर आणि स्वतःच्या ईमेलवर भरा. सेतूवाल्याचा ईमेल टाकून दिला की पुढं दोन वर्षं पासवर्डसाठी त्याच्या मागं फिरा, आणि तो ईमेल-मोबाईल नंतर बदलता येत नाही. चुका सुधारायला काही दिवस खिडकी उघडतात, प्रत्येक वेळी 250 रुपये लागतात, पण अकाउंटमधली माहिती आणि निवडलेला बोर्ड तेव्हाही बदलत नाही.

बोर्ड निवडणं हे आपल्या भागात जरा किचकट आहे. नागपुरात दोन रेल्वेंचे विभाग आहेत. वर्धा, बल्लारशा, आमला ही बाजू मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात. गोंदिया, तुमसर, इतवारी ही दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात. बडनेरा, अकोला, शेगाव भुसावळ विभागात. आता घरचा मध्य रेल्वे म्हणून डोळे झाकून मुंबई बोर्ड टाकतात, पण बिलासपूर बोर्डाच्या तक्त्यातही दक्षिण पूर्व मध्य रेल्वेसोबत मध्य रेल्वेच्या जागा असतात. जाहिरातीच्या शेवटी बोर्डनिहाय, पोस्टनिहाय, प्रवर्गनिहाय तक्ता असतो, तो झूम करून स्वतः वाचा. तुमच्या प्रवर्गात तुमच्या पोस्टच्या जागा किती ते दोन-तीन बोर्डांचं कागदावर लिहून घ्या आणि मग ठरवा.

सावधान: एका जाहिरातीला एकच बोर्ड, एकच फॉर्म. दोन बोर्डांना भरले तर सगळेच रद्द होतात.

फी 500 रुपये, पहिला पेपर दिला की त्यातले 400 परत येतात. एससी, एसटी, महिला, अल्पसंख्याक, माजी सैनिक आणि आर्थिकदृष्ट्या मागास यांना 250, आणि पेपर दिला की ते परत येतात, बँकेचा चार्ज तेवढा कापून. बँक खात्याचा नंबर आणि आयएफएससी नीट टाका, बँका मर्ज झाल्यावर जुना कोड चालत नाही. सही साधी, वळणदार, रोजची. मोठ्या इंग्रजी अक्षरात नाव लिहिणं म्हणजे सही नव्हे, त्याच्यावर फॉर्म रिजेक्ट होतो.

पोस्टचा पसंतीक्रम देताना दुसऱ्या टप्प्यातला डोळ्यांचा कागद समोर ठेवा. ज्यात मेडिकल निघणारच नाही ती पोस्ट टाकूच नका, वर तर नाहीच नाही.

5. अभ्यास

पहिला पेपर 100 प्रश्न, 90 मिनिटं: सामान्य ज्ञान 40, गणित 30, बुद्धिमत्ता 30. हा फक्त गाळणीचा पेपर आहे. दुसरा 120 प्रश्न, तेवढ्याच 90 मिनिटांत: 50, 35, 35. गार्डची आणि तिकीटवाल्यांची मेरिट या दुसऱ्या पेपरवर लागते. टायपिंगची टेस्ट क्लर्क कम टायपिस्टना, संगणकावरची अॅप्टिट्यूड टेस्ट स्टेशन मास्तरला. गार्डला यातलं काही नाही, म्हणून टायपिंगच्या क्लासला पैसे घालू नका.

पेपर मराठीतून देता येतो, फॉर्ममधे भाषा निवडावी लागते. इथं माझा सल्ला असा की गणित-बुद्धिमत्ता मराठीतूनच करा पण इंग्रजी शब्द सोबत पाठ ठेवा, लसावि म्हणजे एलसीएम, सरळव्याज, चक्रवाढव्याज, गुणोत्तर, कारण भाषांतर कधी कधी असं असते की वाचून डोकं फिरते आणि तेव्हा इंग्रजी प्रश्न बघावा लागतो.

गणित दहावीपर्यंतचंच आहे. चूक होते ती वेळेत. पहिल्या पेपरला एका प्रश्नाला 54 सेकंद येतात, दुसऱ्याला 45. त्यामुळं पाढे 30 पर्यंत, वर्ग 30 पर्यंत, घन 15 पर्यंत, अपूर्णांकाचे टक्के हे तोंडावर पाहिजेत, आणि ते सकाळी कापसाच्या वेचणीला जाता-जाताही होते, त्याला टेबल-खुर्ची लागत नाही. टक्केवारी, नफा-तोटा, व्याज, काळ-काम, वेग-अंतर, सरासरी, या धड्यांवर महिना-दोन महिने घासा आणि मग बाकी.

सामान्य ज्ञानात विज्ञान जास्त मार्क देऊन जाते, दहावीपर्यंतचं भौतिक, रसायन, जीवशास्त्र. पोरं चालू घडामोडींच्या पीडीएफ जमा करत बसतात आणि विज्ञान तसंच राहते. राज्यघटना, भूगोल, स्वातंत्र्यलढा हे एकेका पुस्तकातून, दोन पुस्तकं नकोत.

निगेटिव्हचा हिशोब कागदावर करून बघा. चुकीला एक तृतीयांश कापतात. 90 सोडवले, 66 बरोबर, 24 चूक, तर 58 मार्क. तोच पोट्टा 70 च सोडवतो, 64 बरोबर आणि 6 चूक, तर 62. वीस प्रश्न कमी सोडवून चार मार्क जास्त. "सगळे गोल करून ये" हा सल्ला रेल्वेत चालत नाही.

आणि माऊस. हे लिहिताना बरं वाटत नाही पण गावातले कितीतरी पोरं आयुष्यात पहिल्यांदा माऊस परीक्षेच्या हॉलमधे धरतात. मोबाईलवर हजार टेस्ट दिल्या तरी मोठ्या स्क्रीनवर वाचणं, कच्चं काम खाली कागदावर करणं, परत मान वर करणं, पुढचा प्रश्न क्लिक करणं हे वेगळं जमवावं लागते. तालुक्यातल्या कॉम्प्युटर क्लासवाल्याला आठवड्यातून एक तास मागा, बोर्डाच्या साइटवर मॉक टेस्टची लिंक येते ती तिथं सोडवा.

सावधान: "रेल्वेत लावून देतो, वरून सेटिंग आहे" म्हणणारा माणूस तालुक्यात एक तरी असतोच. आधी वावर गहाण, मग बनावट नेमणूक पत्र, अशी घरं बुडाली आहेत. पेपर संगणकावर, मेरिट बोर्डावर, मधे कोणाचा हात पोचत नाही. एक रुपया देऊ नका.

6. परीक्षेचा दिवस

शहर कोणतं ते साधारण दहा दिवस आधी कळते, हॉल तिकीट चार दिवस आधी. सेंटर नागपूर मिळू शकते, राज्याबाहेरचंही मिळू शकते, म्हणून शहर कळताच तिकीट काढा. एससी-एसटीच्या उमेदवारांना स्लीपरचा मोफत पास मिळतो, फॉर्म भरताना तो पर्याय निवडायचा असतो, बहुतेकांना माहीतच नसते. आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवलं असेल तर उघडून जा, कारण गेटवर अंगठा लागतो. आदल्या रात्री त्या शहरात पोचा. पहाटेच्या एसटीच्या भरवशावर राहू नका.

7. कागद तपासणी आणि मेडिकल

तिसरा टप्पा नीट केला असेल तर इथं काही करायचं राहत नाही. मूळ कागद आणि झेरॉक्सचे संच, फॉर्मवर लावला तोच फोटो, इतकंच. फॉर्म भरताना लिहिलेली दाखल्याची तारीख आणि हातातल्या दाखल्याची तारीख वेगळी निघाली तर उत्तर तयार ठेवा.

मेडिकल रेल्वेच्या दवाखान्यात होते. बी-2 वाल्यांनी चष्मा आणि त्याच्या नंबरचा कागद सोबत न्यायचा. ए-2 वाल्यांनी कॉन्टॅक्ट लेन्स घालून जायचा विचारही करू नये, पकडतात आणि मग दारच बंद होते. पुरेशी झोप घेऊन जा. घाबरून इशिहाराचे आकडे पाठ करून येणारे असतात, त्याचा उपयोग नाही, कारण शंका आली की कंदिलाच्या रंगांची वेगळी टेस्ट घेतात, अंधाऱ्या खोलीत.

8. ट्रेनिंग

मध्य रेल्वेची झोनल ट्रेनिंग इन्स्टिट्यूट भुसावळला आहे. तिकीटवाल्यांचं ट्रेनिंग भाड्याच्या नियमांचं, रिफंडचं, पार्सलचं, हिशोबाचं. विनातिकीट माणसाला भाडं अधिक दंड, दंड किमान 250 रुपये, पावती कशी फाडायची, रोजची रक्कम कुठं भरायची. तिथं गोड बोलणं आणि रोखीचा चोख हिशोब या दोन गोष्टींवर नोकरी टिकते. पैसे कमी भरले तर पहिल्या महिन्यातच अडचणीत याल.

गार्डचं ट्रेनिंग जास्त अवघड आहे आणि पोरं ते हलक्यात घेतात. नोकरी लागली म्हणून पेढे वाटून येतात आणि वर्गात झोपतात. इथली परीक्षा पास व्हावीच लागते, आणि पाठ्यपुस्तक म्हणजे जनरल अँड सबसिडियरी रूल्स, ब्लॉक वर्किंगचे (दोन स्टेशनांच्या मधल्या पट्ट्यात एका वेळी एकच गाडी सोडायचे) नियम, अपघाताचे नियम. भाषा कायद्याची आहे. एकेक नियम घ्या, मराठीत स्वतःच्या शब्दांत वहीत लिहा, शेजारी चित्र काढा: स्टेशन, होम सिग्नल (स्टेशनात शिरतानाचा), स्टार्टर (स्टेशनातून निघतानाचा), गाडी कुठं उभी. चित्राशिवाय ब्लॉक सिस्टीम डोक्यात बसत नाही.

सगळ्यात महत्त्वाचा धडा गाडी वाचवायचा. समजा तुमची कोळशाची गाडी बल्लारशाच्या बाजूनं येताना दोन स्टेशनांच्या मधे रात्री अडकली, पुढं जायचं लक्षण नाही. लोको पायलटशी वॉकीटॉकीवर बोलणं झालं. आता तुमची जबाबदारी मागची बाजू, म्हणजे मागून येणारी गाडी येऊन धडकू नये. शेवटच्या डब्याचा दिवा पेटलेला आहे हे बघायचं, हातात लाल दिवा, खिशात पटाखे म्हणजे डेटोनेटर (चाकाखाली फुटून येणाऱ्या गाडीला सावध करणारे), आणि रुळातून मागं चालत निघायचं. ब्रॉडगेजवर 600 मीटरवर एक पटाखा रुळावर बसवायचा. तसंच पुढं 1200 मीटरपर्यंत जायचं आणि तिथं 10-10 मीटरच्या अंतरानं तीन. मधेच समोरून गाडीचा उजेड दिसला तर 1200 ची वाट बघायची नाही, जिथं आहात तिथंच ताबडतोब पटाखा लावायचा आणि लाल दाखवायचा. परत बोलावलं तर ते तीन तिथंच ठेवायचे आणि येताना मधला 600 मीटरवालाच उचलायचा. हे वर्गात सगळ्यांना येते. अंधारात, गिट्टीवरून, पायाखाली काय आहे दिसत नसताना, एकट्यानं आठवलं पाहिजे, म्हणून ट्रेनिंगमधे मैदानावर करून दाखवतात तेव्हा मागं उभं राहून मोबाईल बघू नका, हात लावून पटाख्याची क्लिप रुळावर दाबून बघा.

दुसरी गोष्ट प्रेशर. मालगाडी निघायच्या आधी ब्रेक पाईपमधे इंजिनला 5 किलो आणि शेवटच्या ब्रेकव्हॅनमधे, म्हणजे गार्डच्या डब्यात, साधारण 4.8 किलो हवा दिसली पाहिजे. नुसता काटा बघून "ओके" म्हणायचं नसते. लोको पायलट ब्रेक लावतो तेव्हा तुमच्या गेजचा काटा पडतो का, सोडल्यावर परत चढतो का, ते बघायचं. काटा हललाच नाही तर मधे कुठंतरी हवेचा कॉक बंद आहे आणि मागचे डबे ब्रेकविना आहेत. ब्रेक पॉवर सर्टिफिकेट, म्हणजे गाडीचे ब्रेक तपासल्याचा कागद, हातात घेऊन त्यावरचे डबे आणि प्रत्यक्षातले डबे जुळतात का तेही बघा.

इथं थांबून तपासा: सिग्नलचे रंग आणि त्यांचा अर्थ, हाताचे सिग्नल, शिट्टीचे कोड, आणि गाडी अडकल्यावर काय करायचं हे चार विषय कोणी झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतात का. येत नसतील तर परीक्षेला बसायच्या आधी आठवडाभर एवढंच करा.

9. लाईनवर

ट्रेनिंग झालं की लगेच एकटं सोडत नाहीत. आधी जुन्या ट्रेन मॅनेजरसोबत लर्निंग रोड, म्हणजे त्या मार्गावरचे सिग्नल, चढ-उतार, वळणं, फाटकं, लूप लाईन सगळं ओळखायचं, दिवसाही आणि रात्रीही. छोटी वही ठेवा आणि प्रत्येक स्टेशनचं एक पान करा: होम सिग्नल कोणत्या हाताला, गार्डच्या डब्यातून कुठपर्यंत दिसते, पावसाळ्यात कुठं झाडी आड येते. जुन्या माणसाला चहा पाजा आणि विचारा, ते पुस्तकात नसलेलं सांगतात.

ड्युटी लॉबीत, म्हणजे गाडीवरच्या कर्मचाऱ्यांच्या हजेरीच्या ऑफिसात, साइन ऑन करून सुरू होते, तिथं तोंडात फुंकून दारूची टेस्ट होते, आणि आदल्या रात्रीची पण निघते. वेळ ठरलेली नसते. रात्री दोनला फोन येईल, लग्न असो की पोळा. बरेच ब्रेकव्हॅन साधे आहेत, मे महिन्यात चंद्रपूर-बल्लारशाच्या उन्हात पत्रा तापतो, आजूबाजूला तासन्‌तास कोणी नसते. पाण्याचा मोठा कॅन, जेवणाचा डबा, टॉर्चचे जास्तीचे सेल, ओआरएस, सुती दुपट्टा हे लाईन बॉक्ससोबत (ड्युटीच्या सामानाची पेटी) रोज. मुलींनी या नोकरीत यावं असं मला मनापासून वाटते, येतही आहेत, फक्त मालगाडीवर स्वच्छतागृहाची अडचण असते हे आधीच माहीत असू द्या आणि मग निर्णय घ्या.

पहिल्या महिन्यांत चुका कागदात होतात. गाडी थांबली की वेळ आणि कारण लगेच रफ जर्नलमधे, म्हणजे गार्डच्या नोंदवहीत, लिहा, नंतर आठवून नाही. रनिंग रूमला, म्हणजे मुक्कामाच्या खोलीवर, पोचून लिहू म्हणाल तर झोप येते, आणि पुढं चौकशी लागली की तुमचीच वेळ चुकीची निघते.

डोळ्यांची काळजी लागल्यावरही संपत नाही. ए-2 वाल्यांची मेडिकल 45 वर्षांपर्यंत दर चार वर्षांनी, 45 ते 55 दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी होते.

बाहेरून नाही जमलं तर

दहावी किंवा आयटीआयवर ग्रुप डी मधे ट्रॅकमन, पॉइंट्समन म्हणून लागलेले पोरं आपल्याकडे भरपूर आहेत. त्यांच्यासाठी आतून रस्ता आहे. खात्यांतर्गत जीडीसीई परीक्षा निघते आणि त्यात गुड्स ट्रेन मॅनेजरच्या जागा येतात, पदवी मात्र लागते. म्हणून ग्रुप डी ला लागल्या-लागल्या मुक्त विद्यापीठात नाव टाका. नोटीस तुमच्या डेपोत किंवा स्टेशनवर लागते, मुदत कमी असते आणि गँगमधे काम करणाऱ्यापर्यंत ती वेळेवर पोचत नाही, तर युनियनच्या एखाद्या माणसाला आणि पर्सोनेल ब्रँचच्या बाबूला आधीच सांगून ठेवा. सर्व्हिस बुकात पदवीची नोंद झाली आहे का तेही आत्ताच बघून घ्या, नोटीस निघाल्यावर ती नोंद करायला वेळ राहत नाही.